डबा तपासणाऱ्या शाळा

डब्यात अंडं चालणार नाही. मासे-मटणाचं तर नावच काढू नका. सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी मोड आलेलं कडधान्य, बुधवारी इडली नाहीतर डोसा, गुरुवारी पराठा, शुक्रवारी ‘मुलांच्या आवडीचं’. पण आवडीचं म्हणून मॅगी नको, चिप्स नकोत, बेकरीचं काही नको. पुण्या-मुंबईच्या उपनगरांत ज्यांचं मूल खासगी बालवाडीत जातं, त्यांच्या फ्रिजवर असलं एखादं वेळापत्रक चुंबकाने चिकटवलेलं असतं. तुम्हाला मूलबाळ नसेल तर ताईच्या नाहीतर वहिनीच्या फ्रिजवर बघा.

या वेळापत्रकाचं एका बाबतीत मला कौतुक आहे. ते पाळलं जातं. आमच्या लेकीच्या वर्गात एका मुलाने उकडलेलं अंडं आणलं होतं. डबा तसाच घरी परत गेला, सोबत चिठ्ठी. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता सूचना आली आणि तिच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. चोवीस मुलांच्या वर्गात एक अंडं दहा मिनिटांत सापडलं होतं.

माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हे मी त्याच शाळेत सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘‘सर, चोवीस मुलं असतात. कोण काय खातंय ते आम्ही कुठवर बघत बसणार?’’

म्हणजे शाळेला डबा बघता येत नाही हे साफ खोटं आहे. शाळा डबा रोज बघते. प्रश्न आहे तो ती त्यात काय शोधते याचा. ती अंडं शोधते, कारण अंड्याने काही घरांचं सोवळं मोडतं आणि ती घरं फी वेळेवर भरतात. दाणा शोधत नाही, कारण दाण्याने फक्त एका मुलीचा श्वास अडतो.

महाराष्ट्रात राहून दाण्याची ॲलर्जी असणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट मिठासारखं पडतं. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, मेथीची पातळ भाजी, वरीच्या तांदळासोबतची आमटी, गुळपोळी, चिक्की, चिवडा. खानदेशात शेव-भाजीच्या वाटणात, सोलापुरात चटणीत. ‘यात दाणे आहेत का?’ असं विचारलं तर बाई प्रामाणिकपणे ‘नाहीत’ म्हणते, कारण अख्खे दाणे खरंच नसतात, कूट असतं. त्यात अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलाचं वेड आलंय. कारखान्यात शुद्ध केलेल्या दाण्याच्या तेलात ॲलर्जी देणारं प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात ते उरतं. म्हणजे ‘आम्ही मुलांच्या खाऊला शुद्ध घाण्याचं तेल वापरतो’ ही ज्या शाळेची जाहिरात, तीच माझ्या मुलीसाठी धोक्याची पाटी.

आता ॲलर्जी म्हणजे नक्की काय, ते थोडक्यात सांगतो, कारण हा शब्द आपण ‘मला गणिताची ॲलर्जी आहे’ इतका स्वस्त करून ठेवलाय. शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजतं आणि पुढच्या वेळी ते पोटात गेलं की सगळी फौज बाहेर काढतं. काही जणांना नुसत्या गांधी उठतात. काहींना उलट्या होतात, घसा सुजतो, आवाज घोगरा होतो, खोकला लागतो, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. या टोकाच्या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावर पहिलं औषध एकच, ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि तेही लगेच. खाजेच्या गोळ्या-सिरपांनी गांधी बसतील, श्वास सुटणार नाही. मुलाला आडवं झोपवायचं, पाय वर करायचे. दम लागत असेल तर टेकून बसू द्यायचं. पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस. आणि बरं वाटलं तरी दवाखाना, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. हे सगळं मला एका बालरोगतज्ज्ञाने पाऊण तास बसवून शिकवलं. बालवाडीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना शिकवायलाही पाऊण तासच लागेल.

परदेशात यासाठी पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, टोपण काढून मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात सहजी मिळत नाही. बाहेरून आणवलं तर हजारोंच्या घरात जातं आणि वर्ष-दीड वर्षात त्याची मुदत संपते. ॲड्रिनलिनची साधी काचेची कुपी मात्र अगदी स्वस्त आहे. म्हणून आमच्या डॉक्टरांनी कुपी, सिरिंज, वजनाप्रमाणे डोस लिहिलेला कागद आणि सराव असं सगळं दिलं. त्यातला एक संच आम्ही शाळेत ठेवायला नेला. शाळेने तो हात न लावता परत केला. ‘‘इंजेक्शन वगैरे आमच्या पॉलिसीत बसत नाही.’’ अंडं बसत नाही, इंजेक्शन बसत नाही. पॉलिसीत बसतं तरी काय, हे मला जानेवारीत कळलं.

संक्रांतीचा कार्यक्रम होता. मुलं काळ्या कपड्यांत, गळ्यात हलव्याचे दागिने, फोटोसाठी कागदी पतंगांची भिंत. तिळगुळाचे लाडू शाळेनेच मागवले होते, ऑर्डर घेऊन घरी करून देणाऱ्या एका काकूंकडून. आता तिळाच्या लाडवात दाण्याचं कूट घालतात हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागू नये. तीळ महाग, दाणे स्वस्त, आणि कुटाने लाडू नीट वळतो. लेकीने अर्धा लाडू खाल्ला. शाळेने तिच्या आईला फोन केला, ती बारा किलोमीटरवर होती; तिने मला केला. त्या दिवशी मी घरून काम करत होतो म्हणून सात मिनिटांत पोचलो. शाळेने तोवर अंगावर कॅलामाइन लावलं होतं आणि तिला उभं करून पाणी पाजायचा प्रयत्न चालला होता. १०८ला कुणी फोन केला नव्हता. इंजेक्शन मी तिथेच, चपलांच्या रॅकशेजारच्या फरशीवर दिलं. रात्रभर रुग्णालयात ठेवलं, दुसऱ्या दिवशी ती घरी आली, आता उत्तम आहे. याहून जास्त त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही.

लिहायचंय ते पुढच्या आठवड्याबद्दल. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. दिलगिरी व्यक्त झाली, ‘आम्ही तर तिळाचेच सांगितले होते’ हे तीनदा झालं, आणि मग एक कागद पुढे आला. हमीपत्र. ‘पाल्यास असलेल्या वैद्यकीय समस्येमुळे काही उद्भवल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.’ सही करा, नाहीतर दुसरी शाळा बघा. अशा कागदाने कुणाची जबाबदारी खरंच संपते का, हे वकील सांगतील. मला दिसलं ते एवढंच, की शाळेकडे सात दिवस होते आणि त्या सात दिवसांत तिने तयार केलेली एकमेव गोष्ट हा कागद होती. मुलीला वाचवण्याची योजना लिहायला अर्धं पान पुरलं असतं. शाळेने अर्धं पान लिहिलं, पण स्वतःला वाचवण्यासाठी. आम्ही सही न करता बाहेर पडलो.

इथे एक कबुलीवजा निरीक्षण नोंदवतो, माझ्याविषयी नाही, तुमच्या-आमच्या समाजाविषयी. हेच सगळं माझी बायको वर्षभर बोलत होती तेव्हा ती ‘हायपर मम्मी’ होती. ग्रुपवर तिच्या प्रश्नांना उत्तर नसायचं. मी तेच दोन प्रश्न विचारले तर ‘किती काळजी घेणारे बाबा!’ प्रश्न तेच, स्क्रीनशॉट आहेत.

आता माहिती नव्हती का, तर होती. प्रवेशअर्जात धर्म, जात, प्रवर्ग, मातृभाषा, रक्तगट यांच्या खाली ‘ॲलर्जी असल्यास’ अशी एक ओळ होती. ती आम्ही मोठ्या अक्षरांत भरली होती, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती. तो अर्ज ऑफिसातल्या फायलीत गेला. फायलीवरून टीचरकडे एक तोंडी निरोप गेला असेल. पण चार वर्षांच्या मुलाच्या हातात खाऊ कोण ठेवतं? मावशी. डबे उघडून देणाऱ्या, सांडलेलं पुसणाऱ्या, शी-शू बघणाऱ्या, संक्रांतीला ट्रे फिरवणाऱ्या मावशी. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पालकसभेला त्या चहा घेऊन येतात आणि विषय सुरू झाला की बाहेर जातात. शाळेचं ट्रेनिंग होतं, त्यात फोनिक्स असतं, बाललैंगिक अत्याचारांबाबतचं सत्र असतं (ते हवंच), ब्रँडिंग असतं. मावशी त्यात नसतात. ज्या हातातून घास जातो त्या हातापर्यंत माहिती पोचत नाही, ही खरी गोम आहे.

कागद असून उपयोग नसतो, याचं जगातलं ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये हार्लेममधल्या एका बालवाडीत तीन वर्षांच्या एलायजाला चीज सँडविच दिलं गेलं. त्याला दुधाची गंभीर ॲलर्जी होती आणि ते शाळेकडे लेखी नोंदवलेलं होतं. त्रास सुरू झाल्यावर शाळेने रुग्णवाहिकेला नाही, आईला फोन केला. मूल गेलं. दोन वर्षांनी, २०१९मध्ये, न्यूयॉर्क राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला. पाळणाघरं आणि बालवाड्यांनी ॲलर्जीबाबत कोणती काळजी घ्यायची, लोकांना काय शिकवायचं, लक्षणं दिसली तर काय करायचं, हे त्यामुळे ठरवून द्यावं लागलं. इंग्लंडने तर सप्टेंबर २०२५पासून बालवाड्यांच्या नियमावलीत साधी गोष्ट घातली: मुलं खात असताना खोलीत बालकांच्या प्रथमोपचाराचं वैध प्रमाणपत्र असलेलं एक माणूस हजर हवंच. यात महागडं काय आहे? यंत्र नाही, औषध नाही, इमारत नाही. एक शिकलेलं माणूस, खाऊच्या वेळी, खोलीत.

आपल्याकडे नियम अजिबात नाहीत असं नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२०मध्ये शाळांसाठी नियमावली काढली. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायला मनाई केली. त्याच वर्षीच्या लेबलांच्या नियमांनुसार पाकिटबंद पदार्थावर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्य वगैरे असेल तर ते छापायलाच लागतं. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी ग्राहकाला ही माहिती द्यायची असते. म्हणजे साखळी-हॉटेलात पिझ्झा खाणाऱ्या तीस वर्षांच्या माणसाला त्यात काय आहे ते कळण्याचा हक्क आहे. तुमच्या गल्लीतल्या बालवाडीत लाडू खाणाऱ्या, वाचता न येणाऱ्या, ‘घसा टोचतोय’ एवढंच सांगू शकणाऱ्या मुलीला तो नाही.

यावर तीन उत्तरं मला नेहमी ऐकायला मिळतात. पहिलं माझ्या आईचं. ‘‘आमच्या वेळी नव्हती बाबा असली थेरं.’’ आईशी मी भांडत नाही, पण हरभऱ्याच्या ॲलर्जीवर मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ साली निबंध लिहिला होता, आणि हरभरा काही अमेरिकेतून आलेला नाही. ‘अमक्याला वांगं सोसत नाही’, ‘तमकीला कोळंबी चढते’ हे आपल्या आज्या म्हणायच्याच की. त्यांना शब्द नव्हता, निरीक्षण होतं. आपल्याकडे आता शब्द आहे.

दुसरं उत्तर टक्केवारीचं. भारतात हे फार दुर्मीळ आहे म्हणतात. खरं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत कर्नाटकातल्या शाळकरी मुलांत अन्नाची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता असलेली मुलं ०.१४ टक्के निघाली. हाँगकाँगमध्ये दीड टक्का. दहा हजारांत चौदा. कमीच आहे, आणि मी तो आकडा फुगवणार नाही. पण महाराष्ट्रात अंगणवाड्याच एक लाखाच्या वर आहेत. प्रत्येकीत तीन ते सहा वयाची वीसच मुलं धरा. वीस लाखांचे ०.१४ टक्के म्हणजे अठ्ठावीसशे. हा माझा पाटीवरचा हिशोब आहे, सरकारी आकडा नव्हे. पण अठ्ठावीसशे मुलं म्हणजे दुर्मीळ, असं म्हणणाऱ्याने ती एका मैदानात उभी करून बघावीत. शिवाय आग तरी कुठे रोज लागते? तरी शाळेच्या जिन्यात लाल नळकांडं टांगलेलं असतंच.

तिसरं उत्तर सगळ्यात धोकादायक, कारण त्याला विज्ञानाचा वास येतो. ‘‘थोडं थोडं देत गेलं की सवय होते, वाचलंय मी कुठेतरी.’’ जे वाचलंय ते बहुधा हे: ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत दाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे, असं २००८मध्ये एका अभ्यासात दिसलं. इस्रायलमध्ये बाळांना बांबा नावाचा दाण्याचा कुरकुरीत खाऊ अगदी लवकर देतात. मग लंडनच्या डॉक्टरांनी इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोका जास्त असलेली ६४० बाळं घेतली, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना दाणे दिले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळले. २०१५मध्ये निकाल आला: दिलेल्यांत ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी. मोठाच शोध होता. ‘तीन वर्षांपर्यंत दाणे नकोत’ हा जुना सल्ला त्याने उलटवला, आणि बाळाच्या पेजेत कूट घालणाऱ्या आपल्या आज्यांची बाजूही सावरली. पण हा अभ्यास ॲलर्जी होऊ नये म्हणून काय करावं याचा आहे. ज्या बाळांच्या त्वचा-चाचणीत आधीच मोठी प्रतिक्रिया दिसली त्यांना त्यातून सुरुवातीलाच वगळलं होतं. ॲलर्जी झालेल्या मुलाला सवय लावायचे उपचार असतात, ते डॉक्टरच्या नजरेखाली, मिलिग्रॅम मोजून. बालवाडीच्या ट्रेमधला अर्धा लाडू म्हणजे उपचार नव्हे.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी शाळांत दाणेबंदी मागतोय. नाही. अजिबात नाही. आणि इथे माझं माझ्यासारख्याच काही पालकांशी भांडण आहे.

‘नट-फ्री स्कूल’ अशी पाटी लावणाऱ्या काही महागड्या शाळा आता निघाल्या आहेत. पाटी छान दिसते. पण दाणा हे या राज्यातल्या गरीब घराचं सगळ्यात स्वस्त, टिकाऊ, चविष्ट प्रथिन आहे. पोळी आणि दाण्याची चटणी हा कित्येक मुलांचा अख्खा डबा असतो. तो डबा परत पाठवणारी शाळा अंड्याचा डबा परत पाठवणाऱ्या शाळेइतकीच निर्दय होईल. शिवाय सरसकट बंदीने मुलं जास्त सुरक्षित होतात याला भक्कम पुरावाही नाही. २०२१ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने शाळा-पाळणाघरांसाठी शिफारशी काढल्या, त्यांत सरसकट बंदीपेक्षा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक मुलाची लेखी योजना आणि जागेवर ॲड्रिनलिन यांवर भर होता. बंदीची पाटी लावली की शाळेला वाटतं काम झालं, आणि मग अंड्याची, दुधाची, तिळाची, काजूची ॲलर्जी असलेलं मूल त्याच पाटीखाली बसतं.

बंदीचं लोण अंगणवाडीत गेलं तर काय होईल याची मला खरोखर भीती वाटते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तिथल्या मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, असं अन्नसुरक्षा कायद्याने २०१३मध्ये लिहून ठेवलं. त्यासाठी २०१७मध्ये ठरलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. एका अंड्यालाच सहा-सात रुपये पडतात. या आठ रुपयांत बचत गटाच्या बाया खिचडी, उसळ, लाडू शिजवतात, आणि सेविका-मदतनीस वजनकाटा, मोबाईलमधली नोंद, लसीकरण, गृहभेटी सांभाळून ती वाढतात. तिथे दाणा हा शत्रू नाही, कुपोषित मुलाच्या ताटातली ताकद आहे. आमच्या लेकीच्या नावाने कुणी त्या ताटातली चिक्की काढली, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. महाराष्ट्रात अंड्याचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. २०२३च्या शेवटी शाळेच्या पोषण आहारात अंडं आलं, आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले. लोकवर्गणीतून द्या म्हणाले. अंड्याची ही जी सामाजिक ॲलर्जी आहे, तिला कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. ती एका वर्गातल्या एका मुलापुरतीही नसते. ती सगळ्यांच्या ताटाला लागू होते.

गंमत अशी, की अंगणवाडीच्या सेविकेला आपली मुलं नावानिशी, घरानिशी ठाऊक असतात. कुणाची आजी कोण, कुणाच्या घरी काल काय शिजलं, कुणाला जुलाब होतायत. ॲलर्जीबद्दल तिला कुणी शिकवलेलं नाही, पण शिकवलं तर तिच्याकडे ती माहिती ठेवायला जागा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या, तेव्हा मुलांची आंघोळ, नखं, खाऊ हा शिक्षणाचाच भाग होता. आजच्या चकचकीत बालवाडीत तो ‘हाउसकीपिंग’ झालाय.

अन्नाचा धोका एकट्या ॲलर्जीचाही नसतो. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळलं. त्यानंतर शिक्षकांनी आधी चव घ्यायची हा नियम देशभर पक्का झाला. चांगलाच नियम आहे, पण चव घेऊन कळतं ते सगळ्यांना बाधणारं विष. एकाच मुलाला बाधणारी गोष्ट चवीला छान लागते. आणि ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त घरांना भिडणारी गोष्ट म्हणजे घास अडकणं. लहान मुलांच्या श्वासनलिकेतून आपल्याकडचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जे काढतात, त्यात शेंगदाणा सगळ्यात वर असतो. दाढा नीट आलेल्या नसतात, मूल हसत-पळत खातं, दाणा निसटतो, आत फुगतो. तरीही ‘हेल्दी स्नॅक’ म्हणून तीन वर्षांच्या मुलांना अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देणाऱ्या बालवाड्या आहेत. पाच वर्षांच्या आत दाणा द्यायचा तो कूट करून, द्राक्ष द्यायचं ते उभं चिरून. अडकलंच तर पुढे वाकवून पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाच जोरदार थापा, मग पोटावर पाच दाब, पुन्हा थापा, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी १०८. तुम्ही मामा, काका, आत्या, मावशी असाल तर हे आज शिका. वाढदिवसाचा केक घेऊन तुम्हीच जाता ना? जाण्याआधी त्यात काय आहे ते बेकरीवाल्याला विचारा, आणि शाळेत नेणार असाल तर आदल्या दिवशी कळवा.

शाळांकडे माझी मागणी एका पानाच्या बाहेर जात नाही. ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाचा फोटो, काय चालत नाही, काय दिसलं तर काय करायचं आणि कुणाला फोन, एवढा कागद खाऊच्या खोलीत, मावशींना वाचता येईल अशा भाषेत. शाळा जे खायला देईल त्यात काय काय घातलंय ते करणाऱ्याकडून लिहून घ्यायचं. खाऊ वाटताना खोलीत शिकलेलं माणूस, आणि ते शिक्षण मावशींपासून सुरू करायचं, मॅडमपासून नव्हे. पालकांनी आणून दिलेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध ठेवून घ्यायचं. खाण्याआधी-नंतर हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन जात नाही. आणि ते मूल वेगळ्या कोपऱ्यात एकटं बसवायचं नाही. ॲलर्जी संसर्गजन्य नसते, एकटेपण मात्र वर्गात फार लवकर पसरतं. सरकारकडे मागणी: खासगी बालवाड्यांसाठी जे काही नियम होतील, त्यांत सीसीटीव्हीच्या कलमाशेजारी हे एक पान असू द्या.

जूनसाठी आम्ही पाच बालवाड्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला: खाऊच्या वेळी खोलीत कोण असतं? एकीने कॅमेऱ्याचं ॲप दाखवलं, ‘तुम्ही ऑफिसातून लाइव्ह बघू शकता’ म्हणाल्या. एकीने आहारतज्ज्ञाचं नाव सांगितलं, ती बंगळुरूला असते. दोघींनी हमीपत्राचा विषय काढला. पाचवी शाळा एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. तिथल्या बाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी आतून मावशींना बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी सगळं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘दाणे नुसते, का तेलपण? अन् तिळाचं काय?’’

तिळाची चाचणी आम्ही केलेली आहे, तीळ चालतात. प्रवेश घेतला. मावशींना पगार किती मिळतो, ते मी पहिल्या पालकसभेत विचारणार आहे.